व्यक्तिस्वातंत्र्य, स्वशासन आणि खुली बाजारपेठ: बहुमताने व्यवहार बंद केला तर कोणते तत्त्व मोठे?

कृतनिश्चय (धागाकर्ता)

नमस्कार. व्यक्तिस्वातंत्र्य, स्वशासन आणि खुली बाजारपेठ ही तीन तत्त्वे आपण बहुधा एका दमात उच्चारतो. ज्याला आपले आयुष्य आपल्या मताने जगण्याचा हक्क आहे, त्याला आपले श्रम आणि आपला माल राजीखुशीने दुसऱ्याला देण्याचाही हक्क आहे. आणि अशा माणसांवर राज्य करायचे तर ते त्यांच्या संमतीनेच केले पाहिजे. जॉन लॉक यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेल्या विचाराचा हा गाभा मला मनापासून पटतो.

अडचण उभी राहते ती संमतीने निवडलेले सरकारच दोन राजी माणसांमधील व्यवहार बंद पाडते तेव्हा. राजा नाही, हुकूमशहा नाही, मतदान रीतसर झालेले आहे, आणि तरीही एका माणसाला दुसऱ्याला काही विकता येत नाही. एक ठोस उदाहरण देतो. पश्चिम जर्मनीत फळांपासून केलेल्या मद्यात किमान २५ टक्के अल्कोहोल असलेच पाहिजे, असा नियम होता. फ्रान्सच्या 'कासिस द दिजाँ' या मद्यात ते १५ ते २० टक्के असते. एका जर्मन कंपनीने ते आयात करायचे ठरवले, तेव्हा तिला सांगण्यात आले की आणायला हरकत नाही, पण येथे विकता मात्र येणार नाही. सरकारची बाजू अशी होती की सौम्य मद्य बाजारात आले तर लोकांना पिण्याची सवय सहज जडते. म्हणजे आरोग्याच्या नावाखाली अधिक कडक मद्याला परवानगी आणि सौम्य मद्याला बंदी! युरोपीय समुदायाच्या न्यायालयाने २० फेब्रुवारी १९७९ रोजी हा अडसर बेकायदा ठरवला.

निकाल मला योग्य वाटतो. तरीही एक गोष्ट खटकते. नियम करणारे सरकार जर्मन मतदारांना उत्तरदायी होते. तो मोडणारे लक्झेंबर्गमधील न्यायाधीश नव्हते. मग स्वातंत्र्य जिंकले आणि स्वशासन हरले, असे म्हणायचे का? जाणकारांनी आपले मत सविस्तर मांडावे, ही विनंती.

वाटसरू

विषय महत्त्वाचा आहे. वाचत आहे, सवडीने लिहीन.

तटस्थ

या तिन्ही तत्त्वांचे मूळ एकच आहे, हे गृहीतकच मला मान्य नाही. आणि हे मी स्वातंत्र्याच्या खंद्या पुरस्कर्त्यांच्या आधारे सांगतो आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली, दुसऱ्याला इजा होत नसेल तर प्रौढ माणसाच्या वागण्यात समाजाने ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व मांडले. पण त्याच विवेचनात ते हेही सांगतात की व्यापार ही सामाजिक कृती आहे, तिचे परिणाम इतरांपर्यंत पोहोचतात, आणि म्हणून मुक्त व्यापाराचे समर्थन व्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वावर न करता वेगळ्या आधारावर करावे लागते. तो आधारही तितकाच भक्कम आहे, असे ते म्हणतात. पण तो वेगळा आहे.

स्वशासनाचेही तसेच. तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवून दाखवले. माझ्यावर राज्य कोण करते हा एक प्रश्न आणि राज्य माझ्या आयुष्यात कुठवर शिरते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'आम्हीच' असे आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर 'फार नाही' असेच येईल, याची शाश्वती नाही. त्यामुळे कासिसच्या खटल्यात तत्त्वांची टक्कर झाली याचे मला नवल वाटत नाही. ती होणारच होती.

रुजवण

@तटस्थ, मिल यांचे वर्गीकरण तुम्ही अचूक सांगितले आहे, पण ते मला अपुरे वाटते. ज्याच्याजवळ वडिलोपार्जित संपत्ती आहे त्याला व्यापार ही आपल्या व्यक्तिगत आयुष्याबाहेरची गोष्ट वाटू शकेल. ज्याच्याजवळ केवळ दोन हात आहेत, त्याच्यासाठी कोणते काम करायचे, कोणासाठी करायचे आणि किती मोबदल्यात करायचे याहून अधिक व्यक्तिगत दुसरे काय असणार? इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने अनेक धंद्यांत शिरण्यापूर्वी सात वर्षे उमेदवारी करणे बंधनकारक केले होते. ॲडम स्मिथ यांनी त्यावर जी टीका केली ती स्वस्त मालापुरती नव्हती. गरिबाची सारी मालमत्ता त्याच्या हातांच्या बळात आणि कसबात असते, आणि शेजाऱ्याला इजा न करता ती वापरण्यापासून त्याला अडवणे म्हणजे त्याच्या सर्वांत पवित्र मालमत्तेवर घाला घालणे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद निव्वळ उपयुक्ततेचा नाही, हक्काचा आहे. येथे बाजारपेठ आणि व्यक्तिस्वातंत्र्य एकाच जागी येऊन भेटतात.

शाईपेन

रुजवण यांच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि त्याला जोडून एक अनुभव. मी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका व्यावसायिक परवाना मंडळाच्या कार्यालयात होतो. मंडळाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे येणाऱ्या तक्रारींचे टपाल मी उघडत असे. जनतेच्या हितासाठी हे मंडळ आहे अशी माझी समजूत होती. पण ग्राहकांच्या तक्रारी क्वचित येत. बहुतेक तक्रारी परवानाधारकांच्याच असत, आणि त्या कोणी वाईट काम केल्याच्या नसत. अमुक माणूस परवान्याशिवाय काम करतो आहे, एवढाच त्यांचा मजकूर असे.

यावरून अमेरिकेतील लुइझियाना राज्यातला एक खटला आठवतो, तो जरा तपशिलात सांगण्यासारखा आहे. तेथील सेंट जोसेफ मठातले बेनेडिक्टाइन साधू आपल्या मृत बांधवांसाठी साध्या लाकडी शवपेट्या करत. २००५ च्या कतरिना वादळात मठाच्या जंगलातील इमारती लाकडाची हानी झाली आणि उत्पन्नाचे एक साधन गेले, तेव्हा त्यांनी या पेट्या लोकांनाही विकायचे ठरवले. राज्याच्या मंडळाने त्यांना रोखले, कारण कायद्याने शवपेटी विकण्याचा अधिकार फक्त परवानाधारक अंत्यसंस्कार व्यावसायिकांना होता. साधूंना पेट्या विकायच्याच असतील तर त्यांनी काय करावे? तीस माणसे बसतील असे दालन बांधावे, सहा पेट्या मांडण्याची खोली ठेवावी, शवलेपनाची सोय करावी आणि एक पूर्णवेळ परवानाधारक नेमावा. त्याच राज्यात दफनासाठी शवपेटी असलीच पाहिजे असा कायदा नव्हता, आणि पेटी कशी बांधलेली असावी याचाही नियम नव्हता. नऊ सदस्यांच्या त्या मंडळातले आठ जण त्याच धंद्यातले होते. २०१३ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने साधूंच्या बाजूने निकाल दिला.

आता धागाकर्त्यांच्या प्रश्नाकडे येतो. हा कायदाही निवडून आलेल्या विधिमंडळानेच केला होता. त्याला स्वशासन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आठ व्यावसायिकांनी विधिमंडळाचा शिक्का वापरून आपल्या दाराला आतून कडी लावली होती.

मध्यममार्गी

शाईपेन यांचा प्रतिसाद आवडला, परंतु शवपेटीचे उदाहरण सोपे आहे. चुकीच्या पेटीने मृताचे काही बिघडत नाही. शल्यचिकित्सक, वैमानिक, पुलाचा आराखडा करणारा अभियंता यांचे काय? बेशुद्ध पडलेल्या रुग्णाला बाजारात हिंडून चांगला वैद्य निवडता येत नाही. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो, तेथे राजीखुशी या शब्दाला काही अर्थ उरत नाही. अशा ठिकाणी समाजाने मिळून एक किमान पात्रता ठरवणे हे मला स्वातंत्र्याचेच रक्षण वाटते.

शाईपेन

@मध्यममार्गी, पात्रता तपासणे आणि बंदी घालणे या दोन पायऱ्या आहेत. मंडळाने परीक्षा घ्यावी, उत्तीर्ण झालेल्यांची यादी जाहीर करावी, आणि त्या यादीत नसताना असल्याचे भासवणाऱ्याला फसवणुकीची शिक्षा व्हावी. यादीबाहेरच्या माणसाकडून जाणूनबुजून काम करून घ्यायचे असेल तर तो निर्णय घेणाऱ्याचा. वैमानिकाच्या बाबतीत मी थांबतो, कारण विमान ज्यांच्या छपरावर कोसळेल त्यांनी तिकीट काढलेले नसते. बेशुद्ध रुग्णाचा मुद्दाही खरा आहे. पण लुइझियानातच फुलांच्या रचना करून विकण्यासाठीही परवाना लागत असे, आणि २०१० पर्यंत त्या परीक्षेत उमेदवाराने केलेल्या पुष्परचनेला गुण देणारे परीक्षक हे त्याच धंद्यातले परवानाधारक, म्हणजे त्याचे भावी स्पर्धक असत. शल्यचिकित्सेचे नाव पुढे करून अशा किती धंद्यांच्या दारांवर कुलपे लागली, हे पाहिले पाहिजे.

लोहमार्ग

आतापर्यंतची सर्व चर्चा सरकारच्या सत्तेबद्दल झाली. माणसाच्या आयुष्यावर हुकूम चालवणारी सत्ता सरकारी कचेरीतच बसते असे थोडेच आहे?

शिकागोजवळचे पुलमन हे गाव घ्या. रेल्वेचे शयनडबे बांधणाऱ्या कंपनीने १८८० च्या दशकात ते आपल्या कामगारांसाठी उभारले. घरे कंपनीची, बाजाराची इमारत कंपनीची, ग्रंथालय कंपनीचे, प्रार्थनामंदिरही कंपनीचे. घर विकत घेण्याची मुभा कामगाराला नव्हती. १८९३ च्या मंदीनंतर कंपनीने मजुरी सुमारे चतुर्थांशाने कापली, पण घरभाडे उतरवले नाही. एका हाताने मजुरी देणारा आणि दुसऱ्या हाताने भाडे घेणारा मालक एकच होता. १८९४ साली त्यातून संप पेटला. कागदावर प्रत्येक करार राजीखुशीचा होता, सही करताना कोणीही मानगुटीवर तलवार धरलेली नव्हती. तरी त्या गावात राहणाऱ्याला तुम्ही स्वतंत्र म्हणाल का? मी म्हणणार नाही. त्याला आपल्या गावाच्या कारभारात मत नव्हते आणि बाजारातही दुसरे दुकान नव्हते. १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला कारखान्याखेरीजची मालमत्ता विकायला लावली. हा सरकारी हस्तक्षेपच होता, आणि तो स्वातंत्र्य वाढवणारा होता.

कृतनिश्चय (धागाकर्ता)

@लोहमार्ग, हे उदाहरण दिल्याबद्दल आभार; खुल्या बाजारपेठेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते टाळता कामा नये. मला त्यातला कळीचा मुद्दा असा दिसतो की पुलमनमध्ये एकाच्या हाती सगळे होते. बाजारपेठ खुली असणे म्हणजे मालकाला मोकळीक असणे एवढेच नव्हे. दुसऱ्या कोणालाही तेथे येऊन दुकान थाटता आले पाहिजे, घर बांधता आले पाहिजे. ती मोकळीक तेथे नव्हती.

रुजवण

पुलमनच्या कथेचा उरलेला भागही सांगितला पाहिजे. संप मोडला तो कंपनीने एकटीने नाही. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी संघराज्याचे सैन्य पाठवले. इलिनॉयचे निर्वाचित राज्यपाल आल्टगेल्ड यांचा त्याला उघड विरोध असतानाही पाठवले. म्हणजे राज्याचे स्वशासन बाजूला सारून केंद्राची बंदूक एका व्यवहारातील एका पक्षाच्या मागे उभी राहिली. लोहमार्ग ज्या खासगी सत्तेबद्दल बोलत आहेत ती मलाही भयावह वाटते, पण ती कोणाच्या खांद्यावर उभी आहे हे दर वेळी तपासावे.

उत्तरायण

धाग्याला थोडे वेगळे वळण देतो. येथे बहुतेकांनी स्वशासन आणि बाजारपेठ यांची टक्कर दाखवली. ती दोन्ही हातात हात घालून आल्याचे उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील धान्य कायद्यांचा लढा. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपताच १८१५ साली संसदेने असा कायदा केला की देशी गव्हाचा भाव क्वार्टरला (धान्याचे तेव्हाचे एक माप) ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही. पाव महाग झाला आणि जमिनीचे खंड टिकून राहिले. संसदेत कोण बसले होते? जमीनदार. आणि ज्यांच्या ताटातला पाव महागला त्यांच्यातील बहुसंख्यांना मताचा अधिकार नव्हता. १८३२ च्या सुधारणेनंतरही तो मालमत्तेशीच बांधलेला राहिला.

रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांची या कायद्याविरोधी संघटना १८३९ पासून सभा घेत, पत्रके वाटत हिंडली. एवढेच करून ती थांबली नाही. मताधिकारासाठी पुरेशी छोटी मालमत्ता आपल्या समर्थकांनी विकत घ्यावी, अशी मोहीमही तिने चालवली. १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी स्वपक्ष फुटण्याची किंमत मोजून कायदा रद्द केला. येथे बाजारपेठ बंद ठेवणारे थोडे होते आणि ती उघडू पाहणारे अनेक. म्हणून धागाकर्त्यांना मी विचारतो: बंदी 'बहुमताने' घातली असे आपण म्हणतो, तेव्हा ते बहुमत खरोखर मोजलेले असते का? कासिसच्या नियमाबद्दल सामान्य जर्मन मतदाराला कोणी कधी विचारले होते?

वाटसरू

उत्तरायण यांच्या शेवटच्या प्रश्नासाठी हजर आहे. प्रातिनिधिक सरकारमध्ये असा एकेक नियम मतदारापुढे जातच नाही. प्रत्येकाच्या खिशाला त्याची झळ इतकी थोडी बसते की त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. ज्या मोजक्या उत्पादकांचा सारा धंदा त्यावर उभा असतो ते मात्र मंत्र्याच्या दारात ठाण मांडतात. हे कोणा एका देशाचे व्यंग नाही, सर्वत्र हेच दिसते.

पानगळ

मग प्रत्येक नियम थेट लोकांपुढे नेला तर प्रश्न सुटेल का? स्वित्झर्लंडच्या ग्लारुस आणि आपेनझेल इनररोडेन या दोन कँटनांत (घटक राज्यांत) आजही मतदार उघड्या मैदानात जमतात आणि हात वर करून कायदे करतात. यापेक्षा शुद्ध स्वशासन मला ठाऊक नाही, आणि ते दृश्य मला भारावून टाकते. वक्ता मंचावर चढतो, बोलतो, आणि ज्यांच्यावर कायदा लागू होणार तेच समोर उभे राहून हात वर करतात.

परंतु याच आपेनझेल इनररोडेनमध्ये २९ एप्रिल १९९० रोजी मैदानात जमलेल्या पुरुषांनी स्त्रियांना मताधिकार देण्याचा प्रस्ताव पुन्हा एकदा फेटाळला. संघराज्याच्या पातळीवर स्त्रियांना तो हक्क १९७१ सालीच मिळाला होता. पुरुष मतदार परंपरेने कमरेला तलवार लावून येत, आणि ती तलवार हीच त्यांची मतदार म्हणून ओळख मानली जाई. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला संघराज्याच्या न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी त्या मैदानात उतरल्या.

हा निकाल स्वशासनाविरुद्ध होता असे म्हणणारे तेव्हाही होते. मला ते मुळीच पटत नाही. अर्ध्या गावाला कुंपणाबाहेर ठेवून उरलेल्या अर्ध्यांनी हात वर केले, तर त्याला गावाचा निर्णय कसे म्हणायचे? धागाकर्त्यांना लक्झेंबर्गचे न्यायाधीश खटकतात. पण काही वेळा बाहेरचा न्यायाधीशच आतल्यांना त्यांचे स्वशासन मिळवून देतो.

तटस्थ

पानगळ यांचे उदाहरण बिनतोड आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. मताधिकार हा स्वशासनाच्या व्याख्येतच बसतो; सौम्य मद्य विकण्याचा अधिकार बसत नाही.

दुसरे असे की बाजारपेठ आणि स्वशासन एकमेकांवाचूनही दीर्घकाळ चालतात. हाँगकाँग ब्रिटिशांची वसाहत होती. तेथील लोकांनी आपले सरकार निवडले नव्हते. तरी १९६१ ते १९७१ या काळात वित्तसचिव असलेले जॉन कौपरथ्वेट यांनी कर अल्प ठेवले, आयातीवर अडथळे उभारले नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नाची आकडेवारी गोळा केली तर तिच्या आधारे ढवळाढवळ करण्याचा मोह होईल, म्हणून तीही गोळा करण्याचे टाळले. सिंगापूरचे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. व्यापाराला दारे सताड उघडी, पण बहुतेक जमीन राज्याच्या मालकीची आणि सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत. या नमुन्यांना तुमची एकमुळी साखळी कुठे लावणार?

रुजवण

@तटस्थ, हाँगकाँगचा पुढचा अध्याय का वगळलात? २०२० साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा बीजिंगहून लादला गेला. २०२१ च्या मे महिन्यात 'ॲपल डेली' या दैनिकाच्या संस्थापकाचे समभाग गोठवले गेले आणि जूनमध्ये कंपनीच्या मालमत्तेवरच टाच आली. बँकेत पैसा होता, वाचक होते, छपाईयंत्रे चालू होती. पण पगार द्यायला पैसा काढता येईना. २४ जूनचा अंक शेवटचा ठरला. ज्या सत्तेला प्रजा जाब विचारू शकत नाही तिने दिलेली बाजारपेठेची मोकळीक ही तिच्या मर्जीवरची असते, हे त्या दोन महिन्यांत दिसले. वाचकाने राजीखुशीने विकत घेतलेले वर्तमानपत्र हादेखील एक व्यवहारच आहे. तो बंद पडतो तेव्हा व्यक्तीचे स्वातंत्र्य, बाजाराचे स्वातंत्र्य आणि लोकांचा अधिकार ही तिन्ही एकाच आदेशाने जातात.

मध्यममार्गी

थोडे अवांतर, पण याच वादाच्या अंगाने. पश्चिम जर्मनीत जून १९४८ मध्ये नवे चलन आले आणि त्याच सुमारास आर्थिक प्रशासनाचे संचालक लुडविग एरहार्ड यांनी बहुतेक मालावरील भावनियंत्रण उठवले. तेव्हा देश विजेत्या राष्ट्रांच्या ताब्यात होता. या निर्णयावर जनतेचे मतदान झालेले नव्हते. दडवलेला माल पाहता पाहता दुकानांत आला. पण भावही चढले, आणि नोव्हेंबरमध्ये लाखो कामगारांनी एक दिवसाचा सार्वत्रिक संप केला. १९४९ च्या ऑगस्टमध्ये मतदारांना कौल देण्याची संधी मिळाली आणि एरहार्ड यांच्या बाजूच्या पक्षांना सरकार बनवता आले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की संप करणाऱ्यांना संप करता आला आणि नंतर मतही देता आले. सुधारणा टिकली ती या परीक्षेतून उतरल्यामुळे.

हिमरेषा

मी या चर्चेत उशिरा सामील होत आहे. पानगळ यांनी स्वित्झर्लंडचा विषय काढला म्हणून तेथीलच टोर्बेल या डोंगरी गावाची गोष्ट सांगते, कारण 'बंधन म्हणजे बाहेरून लादलेले' हा जो सूर काही प्रतिसादांत आहे त्याला ती छेद देते. या गावातील शेते आणि गवताची कुरणे खासगी मालकीची. उंचावरची उन्हाळी चराई मात्र सामाईक. १५१७ सालापासून तेथे नियम आहे: स्वतःच्या चाऱ्यावर हिवाळाभर जितक्या गायी पोसता येतील त्यापेक्षा अधिक गायी कोणीही वर चरायला पाठवायच्या नाहीत. उन्हाळ्यापुरती जनावरे विकत आणून सामाईक गवतावर पुष्ट करण्याची वाट त्याने बंद झाली. नियम मोडणाऱ्याला दंड, आणि दंड वसूल करणाऱ्याला त्यातला अर्धा वाटा. सरकारी खाते नाही, खासगीकरणही नाही. वापरणारेच नियम करतात आणि तेच राखणही करतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशा व्यवस्थांचा अभ्यास केला आणि २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

येथे गावकऱ्याच्या व्यापारावर स्पष्ट बंधन आहे. तरी हे बंधन मला लुइझियानाच्या मंडळासारखे वाटत नाही. टोर्बेलचा नियम करणारे आणि त्याचा भार सोसणारे एकच होते. शवपेटीच्या नियमात करणारे आठ व्यावसायिक होते आणि भार साधूंवर व ग्राहकांवर होता.

शाईपेन

हिमरेषा, फार नेमका फरक दाखवलात. पण टोर्बेलच्या १४८३ च्या दस्तऐवजात आणखी एक कलम आहे: बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली तरी त्याला सामाईक चराईत हक्क मिळत नाही. मग आतल्यांचे स्वशासन आणि बाहेरच्याचे स्वातंत्र्य यांचा प्रश्न तेथेही उरतोच.

हिमरेषा

उरतो, हे मान्य आहे. त्या माणसाने जमीन घेतली, पण शतकानुशतके त्या कुरणाची निगा राखण्यात, वाटा दुरुस्त करण्यात, झुडपे काढण्यात त्याचा वाटा नव्हता. त्याच्या स्वतःच्या शेतावर गाव अधिकार सांगत नाही. सामाईकात शिरण्यासाठी गावाची संमती लागावी हे मला न्याय्य वाटते. त्याला आपल्या शेतातला माल विकू द्यायचा नाही असे गावाने ठरवले असते, तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते.

कृतनिश्चय (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. हिमरेषा आणि शाईपेन यांच्या या देवाणघेवाणीने मला मूळ प्रश्नाकडे परत जाण्याची वाट दिली आहे. जर्मनीच्या त्या नियमाचा भार कोणावर होता? फ्रान्समधील उत्पादकावर, ज्याला जर्मनीत मत नव्हते. आणि सौम्य मद्य पसंत करणाऱ्या जर्मन ग्राहकावर, ज्याला कोणी विचारले नव्हते. लाभ कोणाला? जे आधीपासूनच कडक मद्य बनवत होते त्यांना. टोर्बेलची कसोटी लावली तर हा नियम टिकत नाही.

आणखी एक तपशील मी सुरुवातीला लिहिला नव्हता. ग्राहकाची दिशाभूल होऊ नये, हाही जर्मन सरकारचा एक मुद्दा होता. त्यावर न्यायालयाने म्हटले की त्यासाठी बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण आणि मूळ ठिकाण लिहायला लावणे पुरेसे आहे. हे मला शाईपेन यांच्या यादीसारखेच वाटते. खरे सांगायला लावण्याचा अधिकार समाजाने जरूर वापरावा. ते वाचून काय घ्यायचे हे घेणाऱ्यावर सोडावे. लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांबद्दल मला जे खटकत होते ते बरेच ओसरले आहे. त्यांनी जर्मन लोकांवर नवा नियम लादला नाही, एक अडसर काढला. उद्या सगळ्या जर्मनांना कडकच मद्य प्यायचे असेल तर त्यांना कोणी अडवलेले नाही.

पानगळ

पूर्ण सहमत.

लोहमार्ग

मी अंशतः सहमत आहे. भार सोसणाऱ्याला मत असावे, ही कसोटी मला आवडली. पण ती दोन्ही बाजूंनी लावा. ज्या कारखान्याचा धूर नदीपलीकडच्या वस्तीत जातो, त्या कारखान्याच्या मालाचा करार मालक आणि ग्राहक यांच्यात राजीखुशीने झालेला असतो. धूर गिळणारा त्या करारात कुठेच नसतो. कसोटी प्रामाणिकपणे लावायची तर त्या वस्तीला कारखान्यावर निर्बंध मागण्याचा अधिकार द्यावा लागेल, आणि तो अधिकार बाजारपेठेच्या नावाखाली नाकारता येणार नाही.

रुजवण

@लोहमार्ग, तो द्यायलाच हवा, आणि द्यायला मला कोणतेही तत्त्व सोडावे लागत नाही. दुसऱ्याच्या छातीत धूर सोडणे हा कोणाचाही मालमत्तेचा हक्क नव्हे. प्रश्न एवढाच, की वस्तीने धुरावर निर्बंध मागावा. कारखान्याने काय बनवावे आणि कोणत्या भावाने विकावे याचा आदेश त्याच अर्जात घुसडू नये.

तटस्थ

हिमरेषा यांची कसोटी उत्तम आहे, पण भार कोणावर पडतो हे ठरवणारा कोण, यावर या धाग्यात अजून कोणी बोलले नाही. जर्मन सरकारही म्हणतच होते की भार मद्यपींच्या कुटुंबांवर पडतो. नियम करणाऱ्यानेच ते पुराव्यानिशी सिद्ध करावे आणि न करता आल्यास नियम मागे घ्यावा, इथपर्यंत मी येतो. त्या पुराव्याचा निवाडा निर्वाचित सभेने करावा की न्यायालयाने, यावर माझे मत सभेच्या बाजूने आहे आणि पानगळ यांचे न्यायालयाच्या बाजूने दिसते. त्यांनी आपेनझेलखेरीज दुसरे एखादे उदाहरण द्यावे, म्हणजे पुढे बोलता येईल.